हक्काचे पहिले पान पोलीस ठाण्यात लिहिले जाते : जुने शहर, अकोला ते अमेरिकेची चौदावी दुरुस्ती

अकोल्याच्या जुन्या शहरात १३ मे २०२३ च्या रात्री दंगल उसळली. समाजमाध्यमावरच्या एका मजकुराचे निमित्त झाले. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका माणसाचा जीव गेला. शहरात जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. काही दिवसांनी बाजार उघडला, मोर्णेच्या पुलावरून पुन्हा रिक्षा धावू लागल्या आणि वर्तमानपत्रांच्या लेखी प्रकरण संपले.

ते संपले नव्हते. त्या रात्री सतरा वर्षांचा एक मुस्लिम मुलगा डोक्याला मार लागून दवाखान्यात दाखल झाला होता. त्याचे म्हणणे असे की, चार जण एका माणसाला तलवार आणि लोखंडी पाइपने मारत असताना त्याने पाहिले आणि नंतर त्याच लोकांनी त्याच्यावरही हल्ला केला. मारला गेलेला माणूस मुस्लिम नव्हता. तो चालवत असलेली रिक्षा मुस्लिमाची होती, म्हणून त्याला मुस्लिम समजून मारले, असेही या मुलाचे म्हणणे आहे. हे खरे की खोटे, ते तपासातून ठरायचे आहे. पण तपास व्हायला आधी गुन्हा नोंदवावा लागतो. इथे तोच नोंदवला गेला नाही.

दवाखान्यात पोलिसांनी त्याचा जबाब घेतला, गुन्हा मात्र दाखल केला नाही. १ जून २०२३ रोजी वडिलांनी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. तरी काही झाले नाही. मग हे कुटुंब मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. तिथे २५ जुलै २०२४ रोजी याचिका फेटाळली गेली. शेवटी ते दिल्लीला गेले. ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. संजय कुमार आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी पोलिसांवर कडक ताशेरे ओढले. अंगावर वर्दी चढली की पोलिसाने धर्माचे, जातीचे, वंशाचे सगळे पूर्वग्रह बाजूला ठेवले पाहिजेत, अशा आशयाचे खडे बोल सुनावले. गुन्हा नोंदवा, हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील वरिष्ठ अधिकारी असलेले विशेष तपास पथक नेमा आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करा, असा आदेश त्यांनी दिला.

जुन्या शहरातल्या एका मुलाची फिर्याद कागदावर यावी, एवढ्यासाठी सव्वादोन वर्षांहून जास्त काळ आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले. आम्हाला या प्रकरणावर लिहावेसे वाटले ते याचसाठी.

"हा तर हिंदू-मुस्लिमांचा मामला, आपला काय संबंध?" असे आपल्यातले काही तरुण विचारतात. आमचे उत्तर असे की, या प्रकरणाशी सर्वांत जुना आणि सर्वांत जवळचा संबंध आपलाच आहे. तो समजून घ्यायला थोडे लांब, अमेरिकेपर्यंत जावे लागेल. बाबासाहेबही हक्कांचा हा प्रश्न समजून घेताना तिथपर्यंत गेले होते.

कागदावरचे हक्क आणि कोलफॅक्स

अमेरिकेचे संविधान १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिले गेले आणि १७८९ पासून अमलात आले. कायदे करणारी काँग्रेस, ते राबवणारा राष्ट्राध्यक्ष आणि न्यायनिवाडा करणारी न्यायालये अशी सत्ता तीन ठिकाणी वाटली गेली. एकाने दुसऱ्याला आवर घालायचा, ही त्यामागची कल्पना. नागरिकांच्या हक्कांची यादी मात्र मूळ मसुद्यात नव्हती. लोकांनी आग्रह धरल्यावर १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. भाषणाचे, धर्माचे, सभा भरवण्याचे स्वातंत्र्य, बेकायदा झडतीपासून संरक्षण, कायद्याची रीतसर प्रक्रिया पाळल्याशिवाय जीवित वा स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही ही हमी, सगळे त्यात आले.

पण हे हक्क कोणाचे? गुलामांचे नव्हते. संसदेतल्या जागा ठरवताना एक गुलाम म्हणजे तीन-पंचमांश माणूस, असा हिशेब खुद्द त्या संविधानात होता. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, असा निकाल दिला. पुढे यादवी युद्ध झाले. १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, असे लिहिले गेले. १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने मताचा अधिकार दिला.

कागदावर सगळे झाले. मग आले कोलफॅक्स.

१३ एप्रिल १८७३. लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावात निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या हत्यारबंद जमावाने काळ्या लोकांची कत्तल केली. मेलेल्यांचा आकडा साठ-सत्तरपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. शंभराच्या आसपास लोकांवर आरोप ठेवले गेले, शिक्षा लागली फक्त तिघांना. तीही टिकली नाही. १८७६ मध्ये क्रुकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की, चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसांना नाही. जमावाने मारले तर दाद राज्याकडे मागा. आणि राज्यातला शेरीफ कोणाचा, ज्युरी कोणाची? ज्यांनी मारले त्यांच्याच जातभाईंची.

इथे आपल्याला थांबून विचार केला पाहिजे. समान संरक्षणाचे शब्द संविधानात होते, ते कोणी खोडले नव्हते. त्यांच्या आणि पीडिताच्या मध्ये एक स्थानिक दार होते आणि ते दार बंद होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसाचे हक्क पुस्तकात राहिले आणि फासाचे दोर झाडांवर.

बाबासाहेबांनी तिथून काय घेतले, काय टाळले

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. गुलामगिरी संपून तेव्हा पन्नासही वर्षे झाली नव्हती. हक्क मिळूनही हक्कापासून वंचित राहिलेला समाज त्या देशात होता, आणि त्याच देशात ते शिकले. पुढे १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातील समान वागणुकीच्या तरतुदी आखताना त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १८७५ च्या कायद्याने खाणावळी, वाहने, नाट्यगृहे सर्वांना सारखी खुली केली होती. १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कारण तेच, खासगी माणसाच्या भेदभावावर चौदावी दुरुस्ती चालत नाही. म्हणजे अमेरिकेने जो कायदा मोडीत काढला, तो बाबासाहेबांनी उचलून आपल्या निवेदनात ठेवला. आज आपल्या संविधानात कलम १४ मध्ये 'कायद्याचे समान संरक्षण' आहे, ते शब्द चौदाव्या दुरुस्तीचे. पण आपले संविधान तिथे थांबत नाही. कलम १५(२) दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांबाबत बोलते आणि खासगी माणसालाही बांधते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, ती सरकारने पाळलेली असो की शेजाऱ्याने. क्रुकशँकची पळवाट आपल्याकडे अशी बंद झाली.

दुसरी गोष्ट कलम ३२ ची. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी या कलमाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. हे कलम हक्क देत नाही, हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग देते. हक्कांची यादी कितीही लांबलचक केली, पण दाद मागण्याची जागा नसेल तर ती यादी व्यर्थ आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अमेरिकेत आजही जे नाही, ते आपल्याकडे आहे

अमेरिकेने १८७१ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या दहशतीवर एक कायदा केला होता. सरकारी अधिकाराच्या आडून कोणी हक्क हिरावला तर त्या अधिकाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येईल, असा तो कायदा. तो नव्वद वर्षे जवळजवळ धूळ खात पडला. शिकागोच्या पोलिसांनी एका काळ्या कुटुंबाच्या घरात घुसून धुडगूस घातला होता, त्या मनरो खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जिवंत केला. पोलिसावर वैयक्तिक दावा लावण्याची ही सोय हे अमेरिकेचे बळ आहे. अर्थात नंतर न्यायालयांनीच अधिकाऱ्यांना त्यातून बरीच सूट दिली, म्हणून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर त्या सुटीविरुद्ध मोठा आवाज उठला.

पण पोलिसांनी काही केलेच नाही, हातावर हात धरून बसले, तर? तिथे अमेरिकेचे संविधान तोकडे पडते. २००५ च्या कॅसल रॉक खटल्यात एक आई न्यायालयात आली होती. नवऱ्यापासून संरक्षणाचा न्यायालयीन आदेश तिच्याकडे होता. नवरा तीन मुलींना घेऊन गेला, ती पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगत राहिली, पोलीस हलले नाहीत आणि तिन्ही मुली मारल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले की, पोलिसांनी आदेश राबवावा असा तिचा घटनात्मक हक्क नाही.

आपल्याकडे या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. काही मोजक्या प्रकारांत आधी चौकशी करता येते. पण माहिती खरी वाटते की नाही, यावरून नोंद नाकारता येत नाही. खरे-खोटे नंतरच्या तपासात ठरते.

असा निकाल असताना जुन्या शहरातल्या मुलाला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. कोलफॅक्सला अर्थ लावून दार बंद केले, इथे अर्थ स्पष्ट असूनही दार उघडले नाही. दुखण्याचे नाव वेगळे, दुखणे एकच.

आपले दार कोणी बंद केले होते, आठवते?

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीला ते प्रकरण कसे दाबले जात होते आणि महाराष्ट्रभर समाज रस्त्यावर उतरल्यावर ते कसे हलले, हे आपण पाहिले आहे. भंडाऱ्याच्या न्यायालयात २००८ मध्ये आरोपी दोषी ठरले. पण अॅट्रॉसिटीचे कलम त्या न्यायालयातही टिकले नाही आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयातही नाही. पहिल्या काही दिवसांतला तपास आणि नोंद कच्ची राहिली की पुढचे सगळे कसे ढासळते, हे खैरलांजीने शिकवले.

आणि परभणी तर कालची गोष्ट. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर झालेल्या अटकसत्रात पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांवर गुन्हा दाखल व्हावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथेही हरले.

३० जुलै आणि ११ सप्टेंबर. सहा आठवड्यांच्या अंतराने महाराष्ट्रातील दोन कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयातून एकच गोष्ट मिळाली : एक एफआयआर. एक आई बहुजन, एक बाप मुस्लिम. शिक्षा नाही, भरपाई नाही, फक्त तक्रारीची नोंद. आता सांगा, जुन्या शहराचे प्रकरण आपले नाही का?

पथकात कोण असावे, या वादात मूळ मुद्दा हरवू नये

सप्टेंबरच्या निकालानंतर चर्चा वेगळ्याच दिशेला गेली. तपास पथकात हिंदू आणि मुस्लिम अधिकारी असावेत, हे सेक्युलर तत्त्वात बसते का, असा आक्षेप राज्य सरकारने घेतला आणि पुनर्विचार मागितला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अर्जावर दोन्ही न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. न्या. संजय कुमार यांनी तो फेटाळला, न्या. शर्मा यांनी सुनावणी घ्यावी असे म्हटले. मग पथकाच्या रचनेचा प्रश्न मोठ्या पीठापुढे गेला.

यावर आमचे मत सांगतो. अधिकाऱ्याच्या धर्मावरून त्याची निष्ठा ठरत नाही, हे खरे. पण ज्या समाजाचा पोलिसांवरचा विश्वास तुटला आहे त्या समाजातली माणसे तपासात दिसावीत, ही मागणी जातीयवादी नाही. १९६७ च्या दंगलींनंतर अमेरिकेने नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात पोलिसांच्या वागणुकीला काळ्या वस्त्यांच्या सर्वांत मोठ्या तक्रारींमध्ये धरले आणि पोलीस दलात काळ्यांची भरती वाढवा, अशी शिफारस केली. प्रतिनिधित्वाची हीच गोष्ट आपण आरक्षणाच्या बाबतीत सतत सांगत आलो आहोत. ती आपल्यासाठी मागायची आणि शेजाऱ्याने मागितली की नाक मुरडायचे, हे बरे नाही.

तरीही पथकाची रचना हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, गुन्हा वेळेत का नोंदवला गेला नाही आणि त्याची जबाबदारी कोणाची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्यावर वाद घालण्यात ज्यांना सोय वाटते, त्यांच्या मागे आपण जाऊ नये.

आपण काय करायचे

दलित पँथर १९७२ मध्ये उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून आले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असते. ब्लॅक पँथरने १९६६ मध्ये ओकलंडमध्ये कामाची सुरुवात पोलिसांवर नजर ठेवण्यापासून केली. त्यांच्या हातातल्या बंदुकांचे फोटो आपण पाहतो, त्यांच्याजवळचे कायद्याचे पुस्तक विसरतो. पोलीस कोणाला अडवत असतील तर ते ठराविक अंतरावर उभे राहून त्या माणसाचे कायदेशीर हक्क मोठ्याने सांगत. आपल्याला बंदूक नको, बुद्धाच्या मार्गाने चालणाऱ्यांना ती शोभतही नाही. पुस्तक मात्र हवे. त्यातल्या पुढच्या गोष्टी प्रत्येक वस्तीत किमान चार जणांना तोंडपाठ असाव्यात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. "हद्द आमची नाही" हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळाली पाहिजे. ठाणेदाराने नकार दिला तर माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची. पावती जपून ठेवायची, ती पुढे पुरावा ठरते. तिथेही काही झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कलम १७५(३) प्रमाणे ते तपासाचा आदेश देऊ शकतात.

एक सावधगिरीही हवी. नव्या संहितेत तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची सोय ठेवली आहे. ललिता कुमारीच्या निकालाला पडलेली ही भोक आहे. तिचा वापर टाळाटाळीसाठी होत नाही ना, यावर लक्ष ठेवावे लागेल. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात मात्र ही सबब चालत नाही. कलम १८-अ प्रमाणे तिथे एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. शिवाय त्याच कायद्याचे कलम ४ लक्षात ठेवा. फिर्याद न नोंदवणे, वाचून न दाखवणे, प्रत न देणे अशी कर्तव्यातली जाणूनबुजून कसूर करणाऱ्या गैर-अनुसूचित लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद त्यात आहे.

"एन.सी. करून घ्या आणि घरी जा" असे सांगून परत पाठवलेली माणसे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. पुष्कळदा मारहाणीइतकेच हे परत पाठवणे मनाला लागते. विहाराच्या रविवारच्या बैठकीत एक तास या कलमांसाठी राखून ठेवा. कायदा शिकणारी आपली मुले-मुली अकोल्यात, अमरावतीत पुष्कळ आहेत. ठाण्यात जाणाऱ्या बाईसोबत, म्हाताऱ्यासोबत त्यांच्यापैकी एकाने जावे. दसऱ्यानंतर अकोल्याच्या धम्ममेळाव्याला लाखो पावले येतात. त्यातली थोडी पावले वर्षभर ठाण्याच्या पायरीवरही दिसली पाहिजेत.

आणि मोर्णेच्या त्या काठावरच्या मोहल्ल्यातला कोणी सोबत मागायला आला, तर त्याचा धर्म विचारू नका. बाबासाहेबांनी कलम १४ मध्ये 'नागरिक' हा शब्दही ठेवलेला नाही, 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द आहे. त्या मुलाच्या फिर्यादीसाठी आपण उभे राहिलो, तर उद्या आपल्या फिर्यादीची नोंद घेताना ठाणे अंमलदाराला पेन शोधायला वेळ लागणार नाही.

जय भीम!